पाणकावळ्यांची मोजदाद

रविवार

आजच्या पक्षीगणनेच्या तक्त्यात पाणकावळ्यापुढे ३१ लिहिले. गेल्या महिन्यापेक्षा जास्त. वारकरी (ते काळे पाणपक्षी) नेहमीसारखे रग्गड, शेंडी बदकं बेटाच्या आडोशाला, दोन राखी बगळे. पण सध्या इथे वारकऱ्यांचं कुणाला काही पडलेलं नाही. भेटेल तो पाणकावळ्यांचाच आकडा विचारतो.

हे तळं म्हणजे मुळात खडीची खाण. इंग्लंडात अशी तळी जागोजागी सापडतात. रस्त्यांसाठी, घरांसाठी खडी काढली, खड्ड्यांत पाणी भरलं, आणि गळ टाकणाऱ्यांच्या क्लबांनी त्यात रोच, ब्रीम, कार्प असे मासे सोडले. उथळ पाणी, दाटीवाटीने मासे, लपायला जागा नाही. पाणकावळ्याने समुद्र सोडून आत का यावं, हा प्रश्नच मला कधी पडला नाही. एसेक्समधल्या ॲबर्टन जलाशयाकाठच्या झाडांवर १९८१ मध्ये त्यांची घरटी झाली, आणि मग देशाच्या आतल्या भागात वसाहती वाढत गेल्या. हिवाळ्यात युरोपातले पक्षी येतात ते वेगळेच.

आज एक जण खांबावर पंख पसरून इतका जवळ बसला होता की स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावायची खरं तर गरज नव्हती. तरी लावला. डोळा पाचूसारखा हिरवा. चोचीचं टोक खाली वळलेलं, धारदार. चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी असते, तिची मागची कड किती अंशात वळते त्यावरून तो समुद्रकाठचा की युरोपातल्या उपजातीचा हे ठरवता येतं: कोन ६५ अंशांच्या आत असेल तर पहिला, ७३ च्या वर असेल तर दुसरा. मधल्या कोनाचा निघाला की गप्प बसायचं. हा मधलाच होता.

निघताना क्लबच्या राखणदाराने हाक मारली. काठावर एक मेलेला रोच ठेवला होता त्याने. एका कुशीवर आरपार गेल्यासारखी तिकोनी जखम, दुसऱ्या कुशीवर खवले खरवडून निघालेले. "बघा, खाल्लाही नाही. नुसता फाडून टाकलाय." जखम पाणकावळ्याचीच होती, त्यात वाद नाही. मोठा मासा पकडीतून निसटतो आणि मग असा मरतो. आमच्या पक्षीवाल्यांतले काही जण हे सगळं गळवाल्यांचं रडगाणं आहे म्हणतात. त्यांनी तो मासा हातात घेऊन बघावा. एक पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो, आणि तळं लहान असेल तर हिशेब लवकर चुकता होतो.

बुधवार, रात्री

पक्षीवाल्यांच्या बैठकीत आज आवाज चढले. क्लबने गोळी घालायचा परवाना मागितलाय, आणि त्यासाठी आमचे महिनेवारी आकडे हवेत म्हणे.

कायदा असा आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने पाणकावळा संरक्षित आहे. मासेमारीचं गंभीर नुकसान होतंय आणि इतर उपाय करून पाहिलेत, हे दाखवलं तर नॅचरल इंग्लंड ही सरकारी निसर्गसंस्था मोजक्या पक्ष्यांपुरता परवाना देते. त्यातही गोळीबाराचा हेतू संख्या कमी करणं हा धरलेला नाही. बुजगावणी, फटाके यांची भीती टिकून राहावी म्हणून अधूनमधून एखादा पाडायचा, असा तो प्रकार. २००४ मध्ये धोरण सैल झालं आणि देशभरातली वर्षाची मर्यादा २,००० ते ३,००० पक्ष्यांच्या घरात गेली. गळवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेने पुढे अशी मागणी लावून धरली की परवान्याची भानगडच नको, सरसकट मुभा द्या. २०१३ मध्ये सरकारने ती नाकारली.

आता गंमत इथे आहे. वर्षाला किती पाडायचे ही मर्यादा ठरवताना सरकार देशातल्या हिवाळी संख्येचा कल बघतं, आणि तो कल कळतो पाणपक्ष्यांच्या मासिक गणनेवरून. म्हणजे माझ्यासारख्यांच्या तक्त्यांवरून. थंडीत बोटं बधिर होईस्तोवर मोजलेला पक्षी ज्या हिशेबात जमा होतो, पाडलेला पक्षी त्याच हिशेबात वजा होतो.

एकाने सरळ सांगितलं, "तू आकडे देऊच नकोस. नाहीतर कमी लिही." मोह होण्यासारखंच आहे. पण कमी लिहिलं तर काय सिद्ध होणार? क्लब म्हणेल, पक्षीवाल्यांना मोजता येत नाही, आमच्या राखणदाराला विचारा. राखणदार पहाटे एक थवा बघतो, दुपारी तोच बघतो, आणि दोन्हींची बेरीज करतो. त्याचाही दोष नाही, त्याला थवे मोजायचे नाहीयेत, हाकलायचेत. मी मात्र आकड्याला हात लावणार नाही. आकडा खोटा निघाला की उद्या याच तळ्यावरचा गूसँडर (मासे खाणारं बदक), परवा बगळा, कुणाच्याच बाजूने बोलायला तोंड राहणार नाही. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

शनिवार

तळ्यावर क्लबचा चिटणीस भेटला. आकडे देते म्हटलं, पण सगळे: कोणत्या वेळी, किती चरत होते, किती नुसते पंख वाळवत बसले होते. पंख पसरून बसलेला पाणकावळा याच तळ्यात जेवला असेल असं नाही. तो सकाळी नदीवरून आलेला असतो, संध्याकाळी रात्रथाऱ्यासाठी भलतीकडेच जातो. एक पाडला तरी जागा रिकामी राहत नाही. आसपासच्या खाणींवरून दुसरा येतोच. चिटणिसाला हे माहीत नव्हतं असं नाही. "मग सभासदांना काय सांगू? वर्गणी भरतात ते." हा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या बैठकीत तो कुणी विचारत नाही.

त्याला जाळीच्या पिंजऱ्यांबद्दल विचारलं. पाण्यात बुडवून ठेवायचे, आत झाडाच्या फांद्या. लहान मासे शिरतात, पाणकावळा शिरू शकत नाही. इंग्लंडमध्येच तळ्यांवर हे करून पाहिलंय, तेव्हा पाणकावळ्यांच्या फेऱ्याही घटल्या आणि फस्त होणारे मासेही. चिटणीस म्हणाला, गळ त्यात अडकतात, सभासद वैतागतात. बंदुकीला मात्र कुणी वैतागत नाही, हे मी बोलले नाही. काठाची झुडपं कापणं थांबवा, माशांना आडोसा म्हणून एका कोपऱ्यात लव्हाळी वाढू द्या, एवढं मात्र बोलले. तेवढी झुडपं नकोत म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारेच परवान्यासाठीही ओरडताहेत, असं तोच हसत म्हणाला.

पिंजऱ्यांचा विषय पुढच्या सभेत मांडतो म्हणालाय. परवान्याचा अर्जही जाणार आहेच, दोन्ही एकदमच. मी आकड्यांची प्रत पाठवली आणि परवाना मिळाला तर दर महिन्याला किती पाडले ते मला लेखी कळवा, अशी अट खाली घातली. अजून उत्तर नाही.