सांगलीचा ब्लॉग वर्डप्रेसवर नेताना: माझा अनुभव

ज्यांचा ब्लॉग एखाद्या कंपनीच्या फुकट सेवेवर आहे, अशा ओळखीतल्या प्रत्येकाला मी हल्ली एकच प्रश्न विचारते: उद्या तिथून निघायचं ठरवलंत, तर सोबत काय काय नेता येईल? लेख येतील? फोटो? वाचकांचे अभिप्राय? ज्या पत्त्यावर लोक तुम्हाला शोधत येतात तो पत्ता? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. लिहिणाऱ्याचं लक्ष लिहिण्यावर असतं. पण गेल्या दिवाळीनंतर मी माझा सांगलीवरचा ब्लॉग अशाच एका फुकट सेवेवरून वर्डप्रेस या मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या प्रणालीवर हलवला, आणि त्या सगळ्या खटाटोपातून माझं मत पक्कं झालं आहे: मराठीत मनापासून लिहिणाऱ्यानं हे करायला हवं, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही.

मी कृष्णेच्या घाटावर, हळदीच्या सौद्यांवर, हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर लिहिते. पण माझ्या ब्लॉगवर सगळ्यात मोलाचं जे आहे, ते मी लिहिलेलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात वीज आणि नेटवर्क असेल तेव्हा मी मोबाइलवरून चार-चार ओळी टाकत होते आणि खाली अभिप्रायांची रांग लागली होती. ‘हरभट रोडवर आता किती आहे?’ ‘आईवडील गावभागात दुसऱ्या मजल्यावर आहेत, फोन लागत नाही, कुणी बघाल का?’ आणि त्याखाली कुणा अनोळखी माणसाचं उत्तर, ‘बोट गेली होती, दोघंही सुखरूप आहेत.’ कुठल्या गल्लीत कोणत्या दिवशी पाणी शिरलं, कधी ओसरलं, हे त्या अभिप्रायांत तारीख-वेळेसकट नोंदलं गेलं आहे. हे सगळं एका परक्या कंपनीच्या मर्जीवर ठेवणं मला पटेनासं झालं.

मर्जी फिरते तेव्हा काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. तिथल्या मराठी समूहांत रंगलेल्या चर्चा आता कुठे वाचाल? त्या सेवा फुकट होत्या, म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. तर टाइपपॅडचं उदाहरण घ्या. ती पैसे घेऊन चालणारी सेवा होती, २००३ पासूनची. ३० सप्टेंबर २०२५ ला तिनं कायमचं दार लावलं, आणि सामान आवरायला लोकांना मिळाला जेमतेम महिना. ती बातमी वाचली आणि मी कामाला लागले.

याच बातमीच्या मागे मला वर्डप्रेसची जन्मकथा सापडली. ती मी प्रत्येकाला सांगते, कारण मुक्तस्रोत म्हणजे काय ते तिच्यातून नीट कळतं. वर्डप्रेसच्या आधी बी-टू नावाचं ब्लॉग लिहिण्याचं छोटं सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारा मिशेल वाल्द्रिगी दिसेनासा झाला, सुधारणा थांबल्या. अमेरिकेतल्या मॅट मलनवेग या विद्यार्थ्यानं जानेवारी २००३ मध्ये स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं की माझं आवडतं सॉफ्टवेअर तर थांबलं, आता काय करावं? त्याखाली इंग्लंडमधल्या माइक लिटलनं अभिप्राय टाकला, खरंच करणार असशील तर मीही हातभार लावतो. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. बी-टू जीपीएल परवान्याखाली होतं, म्हणून हे शक्य झालं. त्या परवान्यानुसार सॉफ्टवेअर कुणीही चालवावं, आतून वाचावं, बदलावं आणि वाटावं. अट एवढीच, की बदललेलं वाटाल तर समोरच्यालाही तीच मोकळीक द्या. एकदा दिलेली ही परवानगी मूळ लेखकालाही मागे घेता येत नाही. म्हणजे मूळ माणूस निघून गेला तरी काम दुसऱ्यांना पुढे नेता आलं. टाइपपॅड बंद झालं तेव्हा ते पुढे नेण्याची मुभा त्याच्या वापरकर्त्यांना नव्हती. दोन्ही त्याच काळातली, आणि फरक इथे पडला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते.

सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ होतो तो वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग यांत. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे. खातं उघडा आणि लिहा. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, ते आपण घेतलेल्या जागेवर बसवायचं. खर्च करायची तयारी नसेल तर डॉट कॉमवरच्या मोफत खात्यानं सुरुवात करायलाही माझी हरकत नाही, कारण तिथेही आत तेच मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे आणि पुढे कधीही सगळं उचलून स्वतःच्या जागेवर नेता येतं. मी थेट दुसरा मार्ग धरला.

वालचंद महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं आधी माझ्या घरच्या लॅपटॉपवर झॅम्प (XAMPP) हे आपल्याच संगणकावर वेबसाइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. त्यामुळे इंटरनेटवर काहीही न चढवता, एक पैसा न भरता, पूर्ण वर्डप्रेस घरच्या घरी चालवून बघता आलं. आयात करून बघितली, सगळं पुसून परत केली, थीम, म्हणजे ब्लॉगची तयार रूपं, बदलून बघितल्या. ‘आत्या, इथं काय वाट्टेल ते कर. काय बिघडत नाही की!’ असं म्हणून तो परीक्षेच्या अभ्यासाला निघून गेला. मला तर वाटतं, सगळ्यांनी इथूनच सुरुवात करावी. भीती इथेच मोडते.

मग डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःचा पत्ता, आणि होस्टिंग, म्हणजे तो ठेवायची भाड्याची जागा. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन असलं तर कंपनीच्या तावडीतून सुटून त्याच्या हातात सापडलात, एवढंच. होस्टिंग साधं, सामायिक पुरतं. वर्डप्रेस ज्यांवर चालतं ती पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस तिथे असला की झालं. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा दर मोठ्या अक्षरात असतो, तुम्ही नूतनीकरणाचा दर शोधून वाचा. लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षा प्रमाणपत्र मोफत मिळतं, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

जुन्या सेवेतून लेख आणि अभिप्राय एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरतात. ही फाइल मी वहीसारखी उघडून वाचली आणि बरं झालं वाचली, कारण फोटो त्यात नव्हते. फोटोच्या जागी फक्त कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता होता. म्हणजे नुसती फाइल आयात करून निर्धास्त झालं, की फोटो दिसत राहतात पण ते अजून तिकडूनच येत असतात. तिकडचं खातं गेलं की इकडे नुसत्या रिकाम्या चौकटी. शिवाय त्या पत्त्यांत एस३२० (s320) असा तुकडा होता, म्हणजे ३२० पिक्सेलची लहान आवृत्ती. त्या जागी एस० (s0) केलं की मी मुळात चढवलेला मोठा फोटो मिळत होता. पेवात उतरलेल्या माणसाच्या डोक्यावरची हळदीची पिवळी धूळ त्या मोठ्या फोटोतच दिसते. सगळे पत्ते असे बदलून, मग बाहेरचे फोटो आपल्या जागेत ओढून घेणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, चालवलं. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळू नका.

यापुढचं खास मराठी लिहिणाऱ्यांसाठी, कारण इंग्रजी मार्गदर्शनात हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

आधी लेखाचा पत्ता. जुन्या सेवेत मराठी शीर्षकाचं पत्त्यात काहीच उतरत नव्हतं, सगळ्या लेखांना ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा. वर्डप्रेस देवनागरी पत्ता करतं, पण तो मध्येच तोडतं. ‘हरिपूरची हळदीची पेवं कशी भरतात’ या शीर्षकाचा पत्ता ‘हरिपूरची-हळदीची-पेवं-कशी’ इथेच संपला. कारण असं: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाला ९. काना, वेलांटी, अनुस्वार हेही वेगळं चिन्ह म्हणून मोजले जातात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा आहे, म्हणून २२ चिन्हांत खेळ आटोपतो. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक घाबरून दाबतच नाहीत. मी प्रत्येक लेखाला रोमन लिपीत छोटा पत्ता हातानं दिला. तुम्ही हे आयातीनंतर लगेच करा, कारण पत्ते पसरल्यावर बदलणं त्रासाचं.

दुसरं, ‘ॲ’. इतक्या वर्षांत कीबोर्ड बदलत गेले, आणि हे अक्षर माझ्या लेखांत तीन तऱ्हांनी टंकलेलं निघालं: एक म्हणजे अ वर थेट चंद्र; दुसरं, अ आणि चंद्र यांच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह; आणि तिसरं, युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या ५.१ आवृत्तीत २००८ मध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर. डोळ्यांना तिन्ही सारखीच. पण पुराच्या लेखांत ‘ॲम्ब्युलन्स’ शोधलं तर निम्मे लेख सापडेनात. डेटाबेसची प्रत बाजूला काढून ठेवली आणि शोधा-बदला करणाऱ्या प्लगइननं सगळीकडे एकच रूप केलं. डेटाबेस आपल्या हातात असल्यामुळेच हे करता आलं. जुन्या सेवेत एकेक लेख उघडून बसावं लागलं असतं.

आणि शिरोरेषा. रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या बऱ्याच थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत किंचित अंतर टाकलेलं असतं. इंग्रजीला ते शोभून दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते, शब्द फुटल्यासारखा दिसतो. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे दिसणं ठरवणाऱ्या सूचनांत, लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य केलं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, तेव्हा रफार आणि उकार मोकळे झाले. फॉन्ट ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ नावाचा घेतला. तोही मुक्त परवान्याचा आहे, म्हणून आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतो.

जुना पत्ता माझ्या मालकीचा नव्हता, त्यामुळे तिकडून वाचकांना आपोआप इकडे वळवायची रीतसर सोय मला मिळाली नाही. जुन्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावर नव्या लेखाचा दुवा देऊन ठेवला. शोधयंत्रात काही काळ मी खाली गेले, मग हळूहळू वर आले. स्वतःचा डोमेन पहिल्यापासून असता तर तो इकडे वळवून जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यांना नव्या पत्त्यांकडे आपोआप नेता आलं असतं. म्हणून आज जे नव्यानं ब्लॉग सुरू करताहेत, त्यांनी इतर काही नाही तरी डोमेन आधी घ्यावा.

मेहनत कायमची वाढते हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात, कारण चोर शिरतो तो बहुधा जुन्या झालेल्या प्लगइनमधून. म्हणून प्लगइन मोजकीच ठेवली आहेत. आणि प्रती. पूर येणार म्हटलं की सांगलीत आधी कागदपत्रं माळ्यावर जातात, तशी डेटाबेसची आणि फोटोंची प्रत मी दर महिन्याला काढते. एक घरी, आणि एक पुण्याला बहिणीकडे. दोन्ही प्रती कृष्णाकाठी ठेवायच्या नाहीत, हे २०१९ नं शिकवलं.

वर्डप्रेसच कशाला, असंही काही जण विचारतात. घोस्ट आहे, ह्यूगो आहे, दोन्ही मुक्तस्रोत आणि दोन्ही चांगले. ज्याला कोडची सवय आहे त्यानं ह्यूगो जरूर घ्यावं, साइट पटकन उघडते आणि देखभाल जवळजवळ नाही. पण निवृत्त शिक्षकाला, गृहिणीला, दुकान सांभाळून लिहिणाऱ्याला मी वर्डप्रेसच सांगते. त्याचा सगळा कारभार मराठीत करता येतो, आणि ते मराठीकरण आपल्यातल्याच स्वयंसेवकांनी केलेलं आहे.

सध्या मिरजेतल्या एका ओळखीच्यांचा ब्लॉग हलवायला मी मदत करते आहे. तंतुवाद्यं करणाऱ्या घरातले आहेत. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंत, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणण्यापर्यंत सगळं त्यांनी फोटोंसह लिहून ठेवलंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्यांच्याकडे बाहेरगावचे वाचक वाढलेत. एक्सएमएल फाइल उतरवून झाली, लॅपटॉपवर आयातही झाली. फोटोंचे पत्ते बदलायचं काम चालू आहे, आणि डोमेन त्यांच्या मुलीच्या नावावर घ्यायचं ठरलंय, कारण पुढे लिहिणार ती आहे.