आठवणीच्या मेलसोबत कॅलेंडरचे निमंत्रण

बेळगावच्या टिळकवाडीतील एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची संगणकीय व्यवस्था मी पाहतो. रुग्णांना जाणाऱ्या आठवणीच्या मेलला कॅलेंडरचे निमंत्रण जोडावे, असे डॉक्टरांनी सुचवले तेव्हा काम किरकोळ वाटले होते, कारण कॅलेंडरच्या नोंदी लिहिण्याचा आयकॅलेंडर हा नमुना 1998 पासून ठरलेला आहे, 2009 मध्ये तो सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला आणि गूगल, ॲपल, आउटलुक या सर्वांना तो वाचता येतो. मात्र वेळ बदलल्यावर फोनमधली जुनी नोंदही बदलणार नसेल, तर निमंत्रण न पाठवलेलेच बरे, असे माझे ठाम मत आहे. मेलमधली वेळ माणूस विसरून जातो. कॅलेंडरमधली चुकीची वेळ मात्र नेमकी वाजते, आणि तिच्यावर विसंबून खानापूरहून पहाटेची बस धरलेल्या माणसाला खिडकीवर ‘तुमचा नंबर परवा आहे’ असे सांगण्याची पाळी येते.

यावरचा उपाय नमुन्यातच आहे. प्रत्येक नोंदीला यूआयडी नावाची ओळखखूण असते. ती कायम ठेवून, सीक्वेन्सचा, म्हणजे नोंद कितव्यांदा बदलली याचा, आकडा एकाने वाढवून नवी वेळ पाठवली, की कॅलेंडर जुनी नोंद हलवते, आणि त्याच यूआयडीने ‘कॅन्सल’ पाठवले की नोंद रद्द होते. म्हणून ही खूण मेल निघताना तयार न करता, नंबर लावतानाच तयार करून अपॉइंटमेंटसोबत साठवून ठेवावी लागते. अन्यथा नोंदणीचा एक मेल, आठवड्याआधीचा दुसरा आणि आदल्या दिवशीचा तिसरा, अशा एकाच तपासणीच्या तीन नोंदी फोनवर उभ्या राहतात. ही खूण केसपेपरच्या किंवा मोबाईलच्या क्रमांकावरून बनवू नये, एवढे पथ्य पाळावे.

निमंत्रण ‘रिक्वेस्ट’ पद्धतीने पाठवले की मेलमध्ये ‘हो’, ‘नाही’, ‘कदाचित’ अशी बटणे दिसतात. रुग्णाने ‘नाही’ दाबले, तर आपण डॉक्टरांना कळवले असे तो स्वाभाविकपणे समजतो. प्रत्यक्षात ते उत्तर आयोजक म्हणून दिलेल्या पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता कोणीही न उघडणारा असेल तर खुर्ची रिकामी राहते व रांगेतल्या दुसऱ्या कोणाला ती वेळ मिळत नाही. उत्तरे वाचायला माणूस नसेल, तर ‘पब्लिश’ पद्धत वापरून बटणे टाळावीत. पण मग बदल आपोआप पोहोचण्याची खात्री कमी होते. आम्ही ‘रिक्वेस्ट’ ठेवली आणि आयोजकाच्या पत्त्याची मेलपेटी पाहणे रिसेप्शनवरच्या ताईंच्या सकाळच्या कामात घातले.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रुग्ण नंदगड किंवा जांबोटीचा असतो, पण मेलचा पत्ता पुण्यातल्या मुलाचा किंवा दुबईतल्या जावयाचा असतो. त्यामुळे शीर्षकात ‘मूत्ररोग तपासणी’ असे लिहिले, तर ते कार्यालयातल्या सामायिक कॅलेंडरवर किंवा बंद फोनच्या पडद्यावर चारचौघांना दिसू शकते. ‘दवाखान्याची वेळ’ एवढेच पुरे. वेळ लिहिताना टाइम झोन वगळला, तर सकाळी 10:30 ची नोंद दुबईतही 10:30 लाच दिसते, आणि तेव्हा बेळगावात बारा वाजलेले असतात. झोन नीट दिला की तिथे 9:00 दिसतात, ते बरोबरच असते. तरीही तपशिलात ‘बेळगावच्या वेळेनुसार सकाळी 10:30’ असे अक्षरात लिहिलेले बरे, कारण जावई गावी फोन करून आकडाच सांगतो.

तपशील आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत देतो. नमुन्यानुसार निमंत्रणाच्या फाइलमधली एक ओळ 75 बाइटांपेक्षा लांब नसावी, आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे काय किंवा कन्नडचे काय, प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘उपाशीपोटी यावे’ एवढ्यानेच ओळ निम्म्याहून अधिक भरते. ओळ मोडणारी प्रणाली अक्षरे न पाहता केवळ बाइट मोजत असेल, तर चिन्हाचे मधेच दोन तुकडे होऊन फोनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटू शकतात. चाचणीचा मेल इंग्रजी मजकुराने पाठवला, तर हा दोष कधीच लक्षात येत नाही.

गजराचे मात्र निमंत्रणावर सोपवू नये. नोंदीत गजर घालता येतो, पण बाहेरून आलेल्या निमंत्रणातला गजर बाजूला ठेवून काही कॅलेंडरे वापरणाऱ्याची स्वतःची सेटिंग लावतात, आणि ती अर्ध्या तासाची असली तर दूरच्या कणकुंबीहून येणाऱ्या रुग्णाला तिचा काडीचा उपयोग नसतो. उपाशीपोटी साखर तपासायची असेल, तर किमान आठ तास आधीपासून खाणे बंद हवे. ती सूचना आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी पोहोचली पाहिजे. त्यामुळे आदल्या दिवशीचा मेल आम्ही बंद केलेला नाही, आणि ज्यांच्या घरात मेल कोणी पाहत नाही त्यांना रिसेप्शनवरून फोन जातो.