हिरव्या दिव्याखालचा पालक

पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, दीड वर्ष झालं तरी सोमवारी सकाळी माझं पहिलं काम म्हणजे पालक निवडणं. देठं काढायची, पानं धुवायची, गार बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून मिक्सरमधून काढायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची, आई चक्का बांधायची ना तसंच फडकं. पुढचं सगळं मात्र ४ अंशाच्या खोलीत, मिणमिणत्या हिरव्या दिव्यात, कारण मला हवं असलेलं फोटोसिस्टिम टू हे पानातलं, प्रकाशावर चालणारं प्रोटीन उजेडात लवकर खराब होतं आणि हिरवा प्रकाश क्लोरोफिल कमी शोषतं.

याच प्रोटीनमध्ये पाणी फुटतं आणि आपल्या श्वासातला ऑक्सिजन बाहेर पडतो. ते काम करणारा भाग केवढासा, तर ४ मँगनीज, १ कॅल्शियम, ५ ऑक्सिजन, बस्स! २०११ मध्ये जपानमधल्या टीमने सायनोबॅक्टेरियातल्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंतल्या) याच प्रोटीनचे क्रिस्टल करून १.९ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे अणू ओळखता येतील इतक्या बारकाईने, तो दाखवला, वाकड्या खुर्चीसारखा. एमएस्सीला ते चित्र पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं, हेच करायचं.

मागच्या महिन्यात आठ दिवसांची मेहनत वाया गेली, ३ मिलिमीटरच्या ग्रिडवर (नमुना ठेवायच्या जाळीदार चकतीवर) बर्फाचा थर जाड झाला आणि क्रायो-ईएममध्ये (गोठवलेला नमुना पाहायच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) काहीच दिसेना, खूप रडू आलं. मग प्रोटीन विरघळवणारा डिटर्जंट बदलला, ग्रिड परत केल्या, आणि काल संध्याकाळी पहिल्या टूडी क्लासेसमध्ये (सारख्या दिसणाऱ्या कणांच्या सरासरी चित्रांमध्ये) डायमर दिसला, दोन जुळे एकमेकांना चिकटून! लगेच बाबांना फोटो पाठवला. "हे आपल्या पालकातलं का गं?"

हो बाबा, पालकातलंच.