कॅमेरा दुरुस्त झाला!

वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत आमच्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा स्क्रीन पांढराफटक पडला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, "पूर्ण डिस्प्लेच बदलावा लागेल." खर्च ऐकून कॅमेरा परत पिशवीत घातला.

आज पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. जिन्याखालच्या एका दुकानात काकांनी स्क्रीन सावकाश उघडून बघितला. अर्धा उघडला की चित्र दिसायचं, पूर्ण उघडला की जायचं. "स्क्रीन ठणठणीत आहे हो, पट्टी गेलीय," ते म्हणाले. बिजागरीतून कागदासारखी पातळ पट्टी जाते, तिला फ्लेक्स म्हणतात. स्क्रीन सारखा उघडून-फिरवून ती तिथेच दुमडते आणि आतली जोडणी तुटते. तिळाएवढे स्क्रू त्यांनी एकेक करून चुंबकावर ठेवले, नवी फ्लेक्स बसवली आणि भाचीचं बारसं स्क्रीनवर पुन्हा दिसायला लागलं. मला खरंच भरून आलं.

राग मात्र गेलेला नाही. एवढीशी पट्टी खराब झाली म्हणून गिऱ्हाईकाने अख्खा डिस्प्ले का विकत घ्यायचा? केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल, म्हणजे कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती एका ठिकाणी देणारी वेबसाइट, सुरू केलंय, ते जरूर बघा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. आणि वस्तू भंगारात देण्याआधी एकदा अशा कारागिराला दाखवाच.

पुढच्या आठवड्यात आईची पंचाहत्तरी आहे. शूटिंग याच कॅमेऱ्यावर करणार!