बागेतली रेल्वे : पूल झाला, टर्नटेबल पण फिरायला लागलं

मंडळी, दिवाळीपासूनचं काम आज एकदम टाकतोय. नवीन लोकांसाठी, आमच्या परसातली मॉडेल लाइन ४५ मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), स्केल १:२२.५, म्हणजे खऱ्या मापात जवळपास एक मीटर, मीटर गेज. हे मुद्दाम घेतलंय, कारण १८९१ साली सुरू झालेली आपली कोल्हापूर-मिरज लाइन आधी मीटर गेजच होती आणि मला तीच करायचीय.

पूल सव्वा मीटरचा, रुकडीजवळ पंचगंगेवर रेल्वेचा पूल आहे तो डोक्यात ठेवून. २० मिमीचा स्क्वेअर पाइप आणि पट्ट्या, तिरप्या पट्ट्या त्रिकोणात वेल्ड केल्या, चार किलोचं इंजिन मधोमध उभं केलं तरी जरा पण वाकत नाही. गेल्या पावसाळ्यात जुन्या पुलाचा मधला खांब वर आला होता, आपली काळी माती पाणी पिऊन फुगते ना, त्यामुळं रुळात पायरी पडली आणि डबे उतरायला लागले. यावेळी दोन फूट काळी माती काढून मुरूम ठोकून भरला आणि त्यावर काँक्रीट. पुलाचं एक टोक बोल्टनं पक्कं, दुसरं नुसतं टेकवलेलं, उन्हात लोखंड वाढतं त्याला सरकायला जागा पाहिजे. रेड ऑक्साइडचे दोन हात मारलेत.

आता टर्नटेबल, म्हणजे इंजिन उलटं वळवायची गोल फिरती चकती. खरा जीव यातच गेला. खड्डा गोल, तळाला कडप्पा, डेक, म्हणजे वरचा रूळ असलेला फिरता भाग, ६५ सेमी. पहिल्यांदा एकच बेअरिंग टाकलं होतं, ते डुलायचं. हिशोब बघा, मध्यापासून रुळाचं टोक ३२५ मिमीवर, म्हणजे एक अंशाची चूक झाली की टोकाला साडेपाच मिमीच्या वर फरक, गाडी चढणारच नाही. मग उद्यमनगरात लेथवाल्या मामांकडून शाफ्ट टर्न करून आणला आणि ६२०२ ची दोन बेअरिंगं एकावर एक, मध्ये तीन इंचाचं अंतर ठेवून बसवली. डुलणं बंद! मामांनी "कशाला पाहिजे" म्हणून विचारलं, सांगितल्यावर स्वतःहून शाफ्टला पॉलिश मारून दिलं, लई बरं वाटलं.

इंजिनाला करंट रुळांतूनच मिळतो, त्याचा घोळ सगळ्यांनाच येतो, डेक अर्धा फिरला की प्लस-मायनस उलटे होऊन शॉर्ट. मी डेकच्या प्रत्येक रुळाला दोन्ही टोकांना पितळी टॉवर बोल्ट लावलेत, एकूण चार. डेक समोर आला की त्या टोकाचे दोन बोल्ट समोरच्या लाइनच्या पितळी नळीत सरकवायचे, डेक पण लॉक होतो आणि करंट समोरच्या रुळातूनच येतो, म्हणजे कसाही फिरवा पोलॅरिटी बरोबरच. खऱ्या टर्नटेबलला पण असा लॉक असतोच, त्यामुळं दिसायला पण शोभतं.

फिरवणं सध्या हातानंच. वायपर मोटर आणून ठेवलीय पण तिचा स्पीड फार आहे, कुणी वर्म गिअर लावून कमी केला असेल तर रेशो सांगा. खड्ड्यातलं पाणी काढायला पाऊण इंची पाइप टाकायचाय, तो मिरगाच्या आधी व्हायलाच पाहिजे.