गरिबांच्या पेटीतलं पाकीट

बुधवार, ५ मार्च २०२५

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कपाळावर राख घेतली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्यांची राख. सोमवारी आम्ही तिघींनी चर्चमागं लोखंडी घमेल्यात त्या जाळल्या आणि चहाच्या गाळणीनं राख चाळून घेतली. उपवासकाळात काय सोडायचं ते दर वर्षी ठरवते. या वर्षी सोडण्यापेक्षा काहीतरी अंगावर घ्यावं असं वाटलं. फायनान्स कमिटीत माझं नाव आहेच, म्हणून फादरना सांगितलं, ईस्टरपर्यंत दर रविवारच्या दानाची मोजणी मी करीन.

रविवार, १६ मार्च

मिस्सा संपल्यावर साक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या खोलीत, टेबलावर जुनी सोलापुरी चादर अंथरतो आणि तिच्यावर दानाच्या थैल्या ओततो. चादरीवर नाणी घरंगळत नाहीत. मोजायला दोघं लागतातच, एकट्यानं थैली उघडायची नाही. फादर म्हणतात, संत पौलानंसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा एकट्यानं नेला नाही. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून बरोबर माणसं घेतली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे ते.

गरिबांची पेटी वेगळी. ती महिन्यातून एकदा उघडतो आणि पैसे पाकिटात घालून गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या भावांच्या हवाली करतो. आज उघडली. वर दहा-वीसच्या नोटा, आणि तळाशी नेहमीसारख्या चार पुरचुंड्या, आठवड्याला एक. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेली नाणी, वर विडीच्या दोऱ्याचे सात-आठ वेढे आणि बारीक घट्ट गाठ. नाकाशी नेलं की तंबाखूचा वास येतो. आत वहीच्या कागदाची चिठ्ठी असते, ‘आजाऱ्यांसाठी’. विड्या वळणाऱ्या अक्काच्या त्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. घाई होती, दोरा कात्रीनं कापला.

पाकिटात एकूण ६,३४० रुपये. सोसायटीचे भाऊ गावाला गेलेत, म्हणून पाकीट माझ्याकडे ठेवलं.

शनिवार, २२ मार्च

सकाळीच फोन आला, चर्चच्या बोअरची मोटर जळाली. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, टाकी कोरडी, ऊन चाळिशीच्या घरात, आणि उद्या रविवार. फादर खेड्यावर मिस्साला गेलेले, फोन लागेना. चौथा शनिवार, बँका बंद. शिवाय धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या खात्याच्या, चेकवर दोन सह्या लागतात. मिस्त्री म्हणाला, "पाईप वर काढून वाइंडिंग करून आजच बसवतो, पण पैसे रोख लागतील मॅडम." ५,२०० रुपये.

कपाटातलं पाकीट काढलं आणि दिले. संध्याकाळी पाणी आलं. किती हलकं वाटलं!

रविवार, २३ मार्च

आज अंजिराच्या झाडाचा दृष्टांत होता. मालक म्हणतो, तीन वर्षं फळ नाही, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. फादर म्हणाले, झाडही माळ्याचं नाही आणि जमीनही नाही, तरी हात त्याचेच मातीत जातात. कारभारी म्हणजे हाच. ऐकताना मला कालची मोटर आठवली आणि बरं वाटलं, हे आज खरं खरं लिहून ठेवते.

मंगळवार, २५ मार्च

देवदूतानं मरियेला दिलेल्या संदेशाचा सण. मिस्सा करून घरी आले, आणि आठच्या सुमारास सोसायटीचे भाऊ दारात. "ताई, ते पाकीट द्या की. एक पेशंट हाय, उद्या सकाळी औषधं आणायचीत."

पाकिटात १,१४० उरलेले. मी म्हणाले, "हे घ्या, बाकीचे देते." त्यांनी मोजले. पाकिटावर माझ्याच अक्षरात ६,३४० लिहिलेलं होतं, ते वाचलं आणि मान हलवून जिना उतरले. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग चप्पल घालून एटीएमला गेले. ५,२०० काढले आणि त्यांच्या घरी नेऊन दिले. परत येताना सात रस्त्याच्या गर्दीत कळलं की हे शनिवारीच करता आलं असतं. कार्ड पर्समध्येच होतं, मोबाईलवरूनही पैसे गेले असते. मला सुचलंसुद्धा नाही. दुसऱ्याचा पैसा हाताशी होता, म्हणून आपला आठवला नाही. वीस वर्षं बँकेत आहे. एका ग्राहकाच्या खात्यातून दुसऱ्याची नड भागवायचा विचार तिथं स्वप्नातही येत नाही. चर्चमध्ये मात्र ‘सगळं देवाचंच’ असं मनात म्हटलं की एक पैसा दुसऱ्यात मिसळायला हात कचरत नाही. आजी ज्वारी दळायला काढताना पहिली मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, रविवारी वेदीपाशी न्यायला. घरात पीठ कमी पडलं तरी त्या डब्याला कुणाचा हात लागत नसे. मी ते डोळ्यांनी बघत वाढलेय.

शुक्रवार, २८ मार्च

क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर कमिटीची बैठक. ३१ मार्चचा हिशेब पुण्याला बिशप हाऊसला जायचाय, म्हणून सगळे होते. मी उभी राहून सांगितलं. दोघे म्हणाले, पैसे पोचले ना, मग विषय कशाला? कामासाठीच तर वापरले.

फादरनी कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्याचं पुस्तक आणलं. १९८३ च्या संहितेतला १२६७ वा नियम: श्रद्धावंतांनी ज्या हेतूनं दिलं, त्याच हेतूसाठी ते वापरायचं. पुढं १२८४ व्या नियमात आहे, कारभार पाहणाऱ्यानं चांगल्या घरधन्याच्या दक्षतेनं पाहावं. मग ते म्हणाले, दुसऱ्या शतकात संत जस्टिन रोममध्ये लिहून गेलेत की रविवारी ज्याला जमेल तो देई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदेतली माणसं, परके यांची सोय होई. "हे त्यांचंच होतं, ताई. आपण फक्त वाटेतले हात."

मी म्हणाले, ते ५,२०० माझ्याकडून राहू द्या. फादर म्हणाले, "नाही. मोटर धर्मग्रामाची, खर्च धर्मग्रामाच्या खात्यातून, तुम्हाला चेकनं मिळेल. नाहीतर दुसरा घोळ होईल. तुम्हाला द्यायचं असेल तर रविवारी थैलीत टाका, सगळ्यांसारखं." मला वाईट वाटलं, पण त्यांचंच बरोबर होतं. पैसे भरून माझी चूक मला पुसून हवी होती. रजिस्टरमध्ये झालं ते तारखेसकट लिहिलं आणि खाली सही केली. पुण्यालाही तेच जाईल.

रविवार, ३० मार्च

मिस्साआधी अक्का नळाशी बाटली भरत होत्या. मीच जवळ गेले आणि सांगितलं, "अक्का, तुमच्या आजाऱ्यांच्या पैशातून मी ही मोटर दुरुस्त केली होती."

त्यांनी नळ बंद केला. "मग त्या आजाऱ्याला?"

"मंगळवारी रात्री दिले."

"औषध मिळालं त्याला?"

"मिळालं."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. "आता कात्रीनं कापू नको बाई दोरा," त्या म्हणाल्या. "धुऊन परत घेतेय मी." त्यांना कसं कळलं? बहुतेक भावांनी एकदा कापलेले तुकडे नेऊन दिले असतील. विचारायचं धाडस झालं नाही. माझे डोळे भरून आले होते.

फादरनी ठरवलंय की आता पेटी दर रविवारी उघडायची आणि पाकीट त्याच दिवशी सोसायटीकडे. चादर अंथरली. पुरचुंडी वरच होती. गाठ नखानं सुटेना, केसातली पिन घातली. पाच मिनिटं लागली असतील, समोर बसलेला मुलगा गप्प थांबला. दोरा बोटाला गुंडाळून वेगळा ठेवला. आत पाच रुपयांची सात नाणी, दोनची नऊ, एकची आठ. ६१ रुपये. त्यानं पुन्हा मोजले, ६१. दोघांनी सह्या केल्या.