नऊ मिनिटं आणि माझा स्क्रू ड्रायव्हर

गेल्या मंगळवारी ऑफिसचा लॅपटॉप मेला. निळी स्क्रीन वगैरे नाही, सरळ काळोख. बटण दाबलं की पंखा दोन सेकंद घुरघुरायचा आणि गप्प. माझ्यातला जुना कॉम्प्युटरवाला लगेच जागा झाला. आधीच्या ऑफिसात असताना कुणाचंही मशीन बसलं की हाक मलाच यायची. रॅम काढून खोडरबराने घासायची, हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून डेटा वाचवायचा, मग फॉरमॅट, विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर. दोन दिवस सहज जायचे, पण त्या दोन दिवसांत माझा रुबाब काय असायचा!

इथे बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढला तर हेल्पडेस्कवरची मुलगी बघतच राहिली. "राहू द्या ते," म्हणाली आणि कपाटातून पुस्तकाएवढा एक डबा आणून टेबलावर ठेवला. थिन क्लायंट, म्हणजे स्वतः फारसं काही न करता सर्व्हरला जोडून देणारा छोटा कॉम्प्युटर. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जोडले, मी लॉगिन केलं. समोर माझाच डेस्कटॉप, माझीच एक्सेल शीट आणि अर्धवट टाइप केलेल्या शब्दापुढे लुकलुकणारा कर्सर. लॅपटॉप बंद पडताना बोट जिथे थांबलं होतं, तिथेच. घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.

व्हर्च्युअल डेस्कटॉप मला वाचून माहीत होता. विंडोज डेटा सेंटरच्या सर्व्हरवर चालतं, आपल्यापर्यंत फक्त पडद्याचं चित्र येतं आणि आपल्याकडून बटणं नि माऊस जातात. लॅपटॉप मेला म्हणजे फक्त खिडकी फुटली. आतलं विंडोजच बिघडलं, तर ते कुणी दुरुस्त करत बसत नाही. टाकून देतात आणि गोल्डन इमेजवरून, म्हणजे सगळ्यांसाठी तयार ठेवलेल्या एका मूळ प्रतीवरून, नवं उभं करतात. आपल्या फाइली आणि सेटिंग वेगळ्या डिस्कवर असतात, लॉगिन करताना येऊन चिकटतात. माहीत होतं सगळं. तरी तो कर्सर बघून जरा वाईटच वाटलं. मला काही कामच उरलं नव्हतं.

१९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. प्रत्येकापाशी जाऊन विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं, चालू करायचं, एक फाइल पुसायची, आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर वर ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. व्हर्च्युअल मशीनही पडलीच होती, पण त्यांची डिस्क एका जागी बसून दुसऱ्या मशीनला जोडता येत होती किंवा आधीची प्रत परत आणता येत होती. जिने चढायला लागले नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा व्हर्च्युअलवाल्यांचाच झाला. मध्यंतरी ऑफिसची नेटवर्क लाइन चाळीस मिनिटं गेली आणि अख्खा मजला हाताची घडी घालून बसला. स्वतःची साधी फाइलसुद्धा कुणाला उघडता येईना. माझं चालू होतं, कारण मी अजून वहीत लिहितो. लोक हसायचे त्या वहीला.

आणि खरा वैताग म्हणजे मराठी टायपिंग! त्याचं छोटं सॉफ्टवेअर मी हौसेने टाकायचो, दुसऱ्या दिवशी गायब. लॉगऑफ झालं की ते मशीन पुन्हा कोरं. सी ड्राइव्हवर ठेवलेल्या दोन फाइलीही अशाच गेल्या, तेव्हा तर मी भांडायलाच गेलो होतो. रोज टाकायचं, रोज जायचं. तीन आठवडे हा हट्ट चालला. शेवटी कळलं, कायमचं हवं असेल तर ते गोल्डन इमेजमध्येच जायला हवं. मग अर्ज, साहेबांची सही, सुरक्षा तपासणी. एवढ्याशा कीबोर्डासाठी! आधीच्या ऑफिसात हे मी स्वतः पाच मिनिटांत केलं असतं, असं मी हेल्पडेस्कवरच्या त्या मुलीला ऐकवलंही. ती शांतपणे म्हणाली, "आणि मशीन बसलं की दोन दिवस."

काल अर्ज मंजूर झाला. आज सकाळी लॉगिन केलं तर खाली कोपऱ्यात 'म' दिसला. शेजारच्याच्या स्क्रीनवरही दिसला, त्याच्या पलीकडच्याच्याही. इमेज सगळ्यांची एकच. दुपारपर्यंत चौघांनी मला येऊन विचारलं, हे चिन्ह कसलं आणि ते घालवायचं कसं.

म्हटलं, अर्ज करा.